उसवलेल्या लोकरीचा हिशेब

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या घरी लोखंडी पेटी उघडण्याचा दिवस येतो. यवतमाळची थंडी तशी पाहुणीच. कार्तिकात डोकावते, संक्रांतीच्या आगेमागे महिनाभर ठाण मांडते आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. दुपारी अंगावर स्वेटर सहन होत नाही, पहाटे त्याच्यावाचून चालत नाही. दीड-दोन महिन्यांच्या या पाहुणीसाठी बाकीचे दहा महिने एक अख्खी पेटी अडून राहते. कडुनिंबाचा वाळलेला पाला, डांबराच्या गोळ्या आणि त्यांच्यामध्ये घड्या घालून ठेवलेले स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या. त्यांतले निम्मे कपडे घालणारी माणसे आता घरात नाहीत. काही मोठी झाली, काही लांब गेली, काही कायमची गेली.

गेल्या दिवाळीत पेटी उघडली तेव्हा माझी भाची पुण्याहून आली होती. एकेक कपडा ती उचलून पाहत होती. तळाशी बाटलीच्या रंगाचा, बिनबाह्यांचा एक हातविणीचा स्वेटर निघाला. छातीवर आडवा विटकरी पट्टा.

“मावशी, हा टाकू नकोस हं. याचं मी अपसायकलिंग करते. आणि हा पट्टा किती मस्त आहे! कुणाचं डिझाइन?”

मला हसू आले. ते डिझाइन नव्हते. तिथे लोकर संपली होती.

१९७४ च्या हिवाळ्यात आईने ही हिरवी लोकर आणून बाबांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. हंगामात पहाटेपासून कापसाच्या गाड्या लागत आणि त्यांना काट्यापाशी उभे राहावे लागे. सात-आठ हिवाळ्यांत कोपरे आणि मनगटे विरली. मग आईने तो स्वेटर उसवला आणि भावासाठी बिनबाह्यांचा विणला. विरलेला भाग वगळल्यावर लोकर अपुरी पडली, म्हणून शेजारणीकडून उरलेली विटकरी लोकर आणून मधे पट्टा घातला. त्यातूनही हिरवी लोकर थोडी उरली. तिचे टोपडे झाले. ते टोपडे पुढे माझ्या बहिणीच्या मुलीने घातले. म्हणजे आज मोबाइलवर मला अपसायकलिंगची चित्रफीत दाखवणाऱ्या याच भाचीने.

हातविणीचा स्वेटर उसवणे हे विणण्याइतकेच नाजूक काम असते. आधी बाजूच्या आणि बाह्यांच्या शिवणी सुईच्या टोकाने सोडवायच्या. मग टाके जिथे बंद केलेले असतात तिथला धागा शोधायचा. तो एकदा हाती लागला की ओळीमागून ओळ सरसर सुटत येते. दोन्ही हात पुढे धरून बसणे एवढेच माझे काम असे आणि आई त्यांच्याभोवती लड गुंडाळत असे. उसवलेला धागा नागमोडी असतो. तो तसाच विणला तर वीण खडबडीत येते. म्हणून लड चार ठिकाणी सैल बांधून रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, दोरीवर टांगायची, खाली लहानसे वजन अडकवायचे. वाळून धागा सरळ झाला की गुंडा करायचा. एवढे झाल्यावर मग सुयांवर पहिला टाका.

या सगळ्याला आमच्या घरात कधी नाव नव्हते. ‘आईचे काहीतरी चालू असते’ एवढीच त्याची नोंद होती. आज त्याला नाव मिळाले आहे, त्याच्या चित्रफिती निघतात, मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत जुन्या कपड्यांतून शिवलेली जाकिटे हजारोंच्या किमतीला विकली जातात. जुन्याचे नवे करणे ही फॅशन झाली, याचा मला आनंदच आहे. पण नाव मिळाले म्हणून हिशेब झाला असे होत नाही. हे काम करते कोण, त्यात वाचते काय आणि त्याचे मोल कुणाच्या पदरात पडते, हे कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपण तरी विचारले पाहिजे.

लोकर गेली, नाव राहिले

पहिली अडचण कपड्याचीच आहे. आपण सरसकट ‘लोकरीचे कपडे’ म्हणतो, पण पेटीतल्या बहुतेक कपड्यांत आता मेंढीची लोकर नसते. आईच्याच काळात कॅशमिलॉन हा शब्द घरोघरी रुळला होता. रंग चकचकीत, धुवायला सोपे, कसरीचे भय नाही आणि किंमत कमी. कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक आणि ॲक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला धागा. विणकामासाठी दुकानात मिळणाऱ्या गुंड्यांतही आज बराचसा हाच धागा असतो.

विदर्भातल्या गावांत हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटी लोकांचे स्वेटर-बाजार भरतात. लहानपणी आम्हाला वाटे, ही माणसे हिमालयातून लोकर घेऊन उतरतात. प्रत्यक्षात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आपल्याच विदर्भात, आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ आहे, नॉर्ग्येलिंग नावाची. आणि तिबेटी विक्रेत्यांकडचा बराच माल लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून येतो. त्यांच्या कष्टाने हजारो घरांना परवडणारी ऊब मिळाली, हे खरेच. पण तो यंत्रावरचा माल आहे. कापून, कडा यंत्राने गुंफून जोडलेला. तो उसवायला गेले की एकसलग धागा हाती येत नाही, वीत-वीतभर तुकडे येतात. आईची जुनी विद्या तिथे चालत नाही.

हा धडा मी स्वतः फजिती करून घेऊन शिकले. खरी लोकर उकळत्या पाण्यात घालून चोळली की आटते, घट्ट होते, नमद्यासारखे कापड तयार होते. मग ते कसेही कापा, धागे सुटत नाहीत. हे वाचून मी एक जुना मरून स्वेटर मोठ्या पातेल्यात उकळला. तासाभराने बाहेर काढला तर नमदा नव्हे, ओघळलेल्या शेवयांसारखे काहीतरी लोंबत होते. स्वेटर ॲक्रिलिकचा होता. घरातल्यांनी त्या पातेल्यात पुन्हा चहा करू दिला नाही, ते वेगळेच.

ओळखायची रीत सोपी आहे. आतल्या शिवणीतून दोन बोटे धागा काढावा, चिमट्यात धरून ताटलीवर पेटवावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. धागा वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा तसाच दुसरा कृत्रिम धागा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस. हे काम मोठ्यांनी, पाण्याचे भांडे शेजारी ठेवूनच करावे.

हा भेद नुसत्या हौसेचा नाही. लोकर तीनदा जन्म घेऊ शकते आणि शेवटी मातीत मिसळते. ॲक्रिलिक मिसळत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, सहा किलो ॲक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले तर सात लाखांच्या घरात सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात. म्हणजे ॲक्रिलिकचा स्वेटर जितका जास्त काळ आणि जितका कमी धुऊन वापरू तितके बरे. त्याला नवे रूप देणे म्हणजे त्याचा शेवट लांबवणे. त्याहून जास्त दावा कुणी करू नये.

यॉर्कशायर ते पानिपत

जुन्या लोकरीचे नवे करण्याचा उद्योग माणसाने फार पूर्वी उभा केला. १८१३ मध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने लोकरी चिंध्या फाडून, पिंजून, थोड्या नव्या लोकरीत मिसळून पुन्हा सूत काढले. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच ‘हलक्या प्रतीचे’ असा झाला. वस्तू गरिबाच्या कामाची होती, म्हणून शब्दही बदनाम झाला.

तोच उद्योग पुढे आपल्या हरियाणातल्या पानिपतला येऊन स्थिरावला. आपण मराठी माणसे पानिपत म्हटले की १७६१ वर थांबतो, पण आजचे पानिपत हे जगातल्या टाकाऊ लोकरी कपड्यांचे फार मोठे केंद्र आहे. थंड देशांतल्या लोकांनी टाकलेले कोट आणि स्वेटर, कुणी पुन्हा अंगात घालू नयेत म्हणून फाडून, गाठोडी बांधून तिथे येतात. बायका त्यांची बटणे, चेन आणि अस्तरे काढतात. मग कपडे रंगांनुसार वेगळे होतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. त्यातून निघालेल्या सुताची करडी-काळपट ब्लँकेटे भूकंप-महापुरात मदत म्हणून वाटली जातात. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ, हलक्या ब्लँकेटांनी त्या धंद्याचीही पीछेहाट केली. इथेही लोकर हरली आणि तेल जिंकले.

सरकारांना घरातल्या सुईदोऱ्याची आठवण होते ती बहुधा युद्धात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होते. १९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने ‘आहे त्यात भागवा, फाटले ते सांधा’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिकाच काढली. स्वेटर उसवून पुन्हा कसा विणावा हेसुद्धा सरकार तीत शिकवत होते. त्याच १९४३ साली आपल्याकडेही कापड आणि सुतावर नियंत्रण आले. युद्ध संपले, नियंत्रणे गेली आणि रफू करणारी बाई पुन्हा कुणाच्या गणतीत राहिली नाही.

आज जग पुन्हा त्याच दाराशी आले आहे, पण टंचाईमुळे नव्हे, अजीर्णामुळे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जगभरच्या न खपलेल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग पडले आहेत. युरोपीय संघातल्या देशांना २०२५ च्या सुरुवातीपासून जुने कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले. अपसायकलिंगची लाट उठली ती या अजिर्णावरचा उतारा म्हणून. आपल्याकडे ती आली आहे खरी, पण यवतमाळचे दुखणे वेगळे आहे.

कापसाच्या जिल्ह्यात

आमचा जिल्हा पांढऱ्या सोन्याचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे इंग्रजी राजवटीत टाकली गेली ती इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरकडे नेण्यासाठी. म्हणजे आमच्या गावाला रेल्वे मिळाली तीसुद्धा कापूस बाहेर न्यायला. १९९० च्या दशकात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कारखाना उभा राहिला, तेव्हा कापूस आणि कापड यांची निदान ओळख झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या अमरावतीतल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. त्या योजनेमागे पाच ‘फ’ सांगितले जातात. फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन आणि फॉरेन. चांगलेच आहे. पण त्यात सहावा ‘फ’ नाही, फाटल्यानंतरचा. आणि आमच्या गावांत कापडाचे अर्धे आयुष्य फाटल्यानंतरच सुरू होते.

वेचणीच्या दिवसांत सकाळी कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पाहा. कपाशीवर दव असते. वेचणाऱ्या बायकांच्या अंगात लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा असतो. तो थंडी थांबवतो, बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडू देत नाही, दुपारी ऊन अडवतो. पोटाशी कापसाची झोळी असते ती जुन्या लुगड्याची. डोक्याला घरातल्या पोराचा जुना मफलर. आमच्या जिल्ह्यातले अपसायकलिंग हे असे आहे. त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही.

रात्रीचे चित्र आणखी वेगळे. शेतीपंपाची वीज आळीपाळीने येते, त्यात रात्रीचीही पाळी असते. ऐन डिसेंबरच्या रात्री गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस वावरात जातो. पाय गार पाण्यात, अंगावर शेतमालकाच्या किंवा कुण्या नोकरदार नातलगाच्या घरून आलेला स्वेटर. त्याला तो स्वेटर बिनबाह्यांचा नको असतो, फॅशनचा नको असतो. त्याला कोपरे शाबूत हवे असतात आणि चेन लागायला हवी असते.

म्हणूनच दिल्लीत १९९९ मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू करणारे अंशू गुप्ता यांचा विचार मला पटतो. घरातल्या ६७ कपड्यांपासून त्यांनी सुरुवात केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थंडीने माणसे मरतात तेव्हा दोष थंडीचा नसतो, अंगावर कपडा नसण्याचा असतो, हे त्यांच्या कामाचे सार. आणि दुसरे, कपडा द्यायचा तर भीक म्हणून नव्हे, कामाच्या मोबदल्यात, सन्मानाने. आपल्याकडे २०१६ च्या सुमारास अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. त्या भिंतींवर लोक कपडे टांगून गेले, हे भले काम. पण तुटकी चेन, फाटके खिसे आणि विरलेली कोपरे तशीच ठेवून टांगलेले कपडे मी पाहिले आहेत. घराबाहेर काढणे आणि देणे यांत फरक आहे. तो फरक सुईदोऱ्याचा आहे.

एक गोष्ट मात्र इथल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवली पाहिजे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीच्या वेळी अंगात असलेला सदरा कितीही धुतला तरी तो गोधडीच्या थरात जाऊ देऊ नये, त्याची लंगोटी किंवा दुपटे करू नये. तो कपडा वेगळा ठेवावा, वेगळा धुवावा आणि फवारणीलाच वापरावा. काटकसर चांगली, पण बाळाच्या अंगाखाली विष अंथरण्याइतकी नव्हे.

मजुरी धरली तर?

आता मूळ हिशेबाकडे येते. जुन्याचे नवे करण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर प्रकार म्हणजे गोधडी, वऱ्हाडीत वाकय. खाली-वर जुने लुगडे, आत धोतरे, सदरे, चादरी आणि थंडीची असेल तर टाकाऊ स्वेटरांचे पसरलेले तुकडे. उन्हाळ्यात वावरातली कामे उरकल्यावर, पावसाआधी, दुपारच्या सावलीत बायका ती शिवतात. कडेने सुरू झालेला धावदोरा फिरत फिरत मध्यावर येतो.

आमच्याकडे वेचणीला येणारी एक बाई उत्तम गोधडी शिवते. मागच्या उन्हाळ्यात मी तिला जुन्या साड्या, दोन ॲक्रिलिकचे स्वेटर आणि दोऱ्याची रिळे दिली. मी ते स्वेटर टाकूनच देणार होते. तीच म्हणाली, “काहून फेकता जी? आतून घालतो, ऊब लय येते.” शिलाईचे तिने आठशे रुपये सांगितले. आणि मी, बाजारात भाजीवालीशी घालतो तशी घासाघीस करून, सातशेवर आणले. गोधडी घरी आली तेव्हा मला फार आनंद झाला. मग सहज विचारले, किती दिवस लागले? ती म्हणाली, “दुपारून दुपारून पंधरा दिवस. सारखी बसली असती त पाच दिवस पुरले असते.”

त्या रात्री झोप लागेना. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. पाच दिवसांचे झाले १,५६० रुपये. मी दिले सातशे, म्हणजे दिवसाला १४० रुपये, सरकारने मातीकामाला ठरवलेल्या दराच्या निम्म्याहूनही कमी. आणि हीच गोधडी एखाद्या महानगरातल्या प्रदर्शनात कितीतरी पट किमतीला मांडलेली पाहून मीच नाक मुरडले असते की, जुन्या लुगड्यांचे एवढे पैसे?

गोम इथेच आहे. जुन्याचे नवे करण्यात कापडाला जवळजवळ काही पडत नाही, सगळी किंमत हातांची असते. आणि बाईच्या हाताला आपण घरात किंमत दिलेली नाही, म्हणून बाजारातही द्यायला मन होत नाही. आठवडी बाजारात तीन-चारशे रुपयांत पॉलिएस्टरचे मऊ ब्लँकेट मिळते, तिथे दीड हजारांची गोधडी कशी टिकावी, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण ब्लँकेट स्वस्त आहे ते यंत्रामुळे आणि तेलामुळे. गोधडी स्वस्त आहे ती एका बाईच्या दुपारी फुकट धरल्या म्हणून. या दोन स्वस्ताया एक नव्हेत.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने शेजारच्या वर्ध्यातच ठरवले होते की, सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या कामाला निर्वाहापुरती किमान मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड तेव्हाही झाली. गांधीजींनी मजुरीचा आग्रह सोडला नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांतूनच जन्मलेल्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या कामाला नाव व भाव आला. आपल्या गोधडीला एवढे नाव अजून मिळालेले नाही, कारण आपण ती पाहुण्यांसमोर अंथरायला लाजतो.

शिवणाऱ्या हातांची उणीव कुठेच नाही. २०२४-२५ मध्ये राज्यभरातल्या शाळकरी मुलांचे गणवेश शिवण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे दिले गेले. कापड आणि वेळ यांचा मेळ बसला नाही, अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले आणि पुढच्या वर्षासाठी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. त्यातून घ्यायचा धडा बायकांना काम जमत नाही हा नव्हे. एका ठिकाणाहून लाखोंचे काम देण्यापेक्षा गावातल्या गावात, गरजेपुरते काम द्यावे, हा आहे. शाळेच्या स्वेटरांचेच घ्या. दरवर्षी मुले वाढतात, स्वेटर तोकडे होतात आणि नवे घेतले जातात. हिवाळा संपताना शाळेने ते गोळा करावेत. गावातल्या बचतगटाने धुऊन, कोपरे सांधून, चेन बदलून द्यावेत. पुढच्या दिवाळीनंतर खालच्या वर्गातल्या मुलांना ते मिळावेत. पालकांनी नव्याच्या किमतीचा लहानसा हिस्सा शिलाई म्हणून द्यावा. याला ना पार्क लागते ना पायाभरणी.

घरी काय करता येईल

वाचकभगिनी म्हणतील, एवढे सांगितलेत, पण पेटीतल्या स्वेटरांचे करायचे काय? वाचकबंधूंनाही सांगते, सुई धरायला बांगड्या लागत नाहीत.

हातविणीचा आणि खऱ्या लोकरीचा असेल तर उसवावा. धागा दोन ठिकाणी ओढून पाहावा. पटकन तुटला तर लोकर म्हातारी झाली, तिच्यापासून कानटोपी किंवा बाळाचे पायमोजे एवढेच करावे. यंत्रावरचा असेल तर उसवू नये, कापावा. पण कापण्याआधी, जिथे कापायचे त्या रेघेच्या दोन्ही अंगांना शिवणयंत्राची नागमोडी टीप मारून घ्यावी, नाहीतर टाके पळतात. बाह्या विरल्या असतील तर काढून बिनबाह्यांचा करावा, बगलेला जुन्या सुती साडीची तिरपी पट्टी लावावी. काढलेल्या बाह्यांचा चांगला भाग लहान मुलांच्या पायांना उबदार नळ्यांसारखा येतो. नुसती कोपरे गेली असतील तर जुन्या जीनचे लंबगोल ठिगळ लावावे. शाल मधेच विरली असेल तर दोन टोके धडधाकट असतात. त्यांचे आतून खादीचे अस्तर लावून सुरेख जाकीट होते. आणि यांतले काही जमत नसेल तर आपल्या गल्लीतल्या शिलाईवालीला द्यावे, तिने सांगितलेले पैसे द्यावेत, घासाघीस न करता.

यात एक पथ्य आहे. जुन्याचे नवे करायचे म्हणून बाजारातून नवी लेस, नवे मणी, नवा गोंद आणि शेवटी त्यावर घालायला नवा कुडता आणला तर वाचले काहीच नाही. आईने हिरव्या स्वेटरासाठी विकत आणले असेल तर एक बटण. तेही मला शंका आहे.

दिवाळीनंतर माझ्या भाचीने पाच संध्याकाळी बसून तिच्या आजोबांच्या विरलेल्या शालीचे जाकीट शिवले. मी तिला एक अट घातली होती. काम करताना वहीत तास लिहायचे. एकूण सतरा तास भरले. वही बघून ती गप्प झाली. मग म्हणाली, “मावशी, आजीचे किती झाले असतील गं?”

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. आईने तास लिहिले नव्हते आणि आम्ही कुणी विचारले नव्हते. हिरवा स्वेटर भाचीने कापला नाही, तसाच घडी घालून परत ठेवला. मी मात्र दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बाईच्या घरी गेले आणि राहिलेले आठशे साठ रुपये तिच्या हातावर ठेवले. तिला ते कशाचे, हे समजावून सांगता सांगता माझीच तारांबळ उडाली. शेवटी ती हसली आणि म्हणाली, “बरं जी, येत्या उन्हाळ्यात अजून एक शिवून देतो. पण आता भाव ठरला बरं.”